रीफ टाकीचा प्रवाह आणि प्रकाश: आधी मेन पाडून बघा

मागच्या रीफ टाकीच्या (कोरल, म्हणजे प्रवाळ, वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) वेळी मी सगळं तपासलं, एक गोष्ट सोडून. पंप चालू असताना पाणी कसं फिरतं ते तासन् तास बघत बसलो. पंप बंद पडला तर काय होतं ते एकदाही बघितलं नाही. सहाव्या आठवड्यात रात्री वीज गेली आणि वरच्या टाकीतलं पाणी रिटर्नच्या (एरवी पाणी वर आणणाऱ्या) पाइपातून उलटं खाली, सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या पंपाच्या टाकीत, उतरायला लागलं. त्या पाइपाचं वरचं तोंड, म्हणजे नोझल, पाण्याखाली 12 सेंटिमीटर होतं. टाकी 120 बाय 50 सेंटिमीटरची, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की 6 लिटर पाणी खाली. बाराचे झाले 72. सम्पमध्ये मोकळी जागा होती 30 लिटरची. बाकीचं खारं पाणी जमिनीवर गेलं.

पण खरं नुकसान वीज परत आल्यावर झालं. पंपाने वरची टाकी पुन्हा भरून घेतली, सम्पची पातळी घसरली आणि ऑटो टॉप-अपने (वाफ होऊन घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राने) ती तूट पहाटेपर्यंत आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढली. सकाळी मोजली तेव्हा क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, हजारी 35 वरून 30 च्या आसपास आली होती. हॅमर कोरलचं मांस सांगाड्यापासून सुटून पाण्यात लोंबत होतं. दोन दिवसांत ते गेलं. ते माझ्या चुकीने गेलं, म्हणून ही यादी लिहितोय. यातलं दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल, पण टाकीत पहिला जीव सोडण्याआधी मेन पाडून, म्हणजे टाकीची वीज मुख्य स्विचवरून तोडून, बघा.

स्टँड लेव्हलमध्ये असावा, टाकीवर थेट ऊन येऊ नये, जमीन भार पेलणारी असावी. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जाऊ.

सगळ्या चाचण्या गोड्या पाण्यावर करा. मीठ घातल्यावर गळती सापडली तर सांडलेलं पाणीही वाया, मीठही वाया, आणि खारं पाणी जिथे झिरपतं तिथलं लाकूड आणि लोखंड खातं. रिटर्न पंप निवडताना डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो शून्य उंचीचा असतो. सम्पपासून नोझलपर्यंतची उंची आणि मधला प्रत्येक एल्बो (पाइपाचं वळण) त्यातून वजा होत जातो. सम्पमधून ताशी टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं की पुरे. कोरलला लागणारा जोर वेव्हमेकरने (टाकीच्या आत पाणी ढवळणाऱ्या पंपाने) द्यायचा; रिटर्नवर तो भार टाकलात तर ओव्हरफ्लोचा (वरचं पाणी दातांवरून सम्पकडे उतरवणाऱ्या कप्प्याचा) आवाज आणि बुडबुडे वाढतील, दुसरं काही मिळणार नाही.

आता नोझल. ते पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक-दोन सेंटिमीटरवरच ठेवा. पंप थांबला की नोझल उघडं पडेपर्यंत सायफन (पाइपातून पाण्याची आपोआप होणारी ओढ) चालूच राहतो, म्हणून नोझल जितकं खोल तितकं पाणी जास्त उतरणार. शिवाय रिटर्नच्या पाइपला, पातळीच्या जरा खाली, 3-4 मिलिमीटरचं एक भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. या भोकातून कायम एक बारीक पिचकारी उडत राहील, ती दिव्याकडे जाणार नाही अशा बाजूला भोक पाडा. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) लावलाय म्हणून भोक टाळू नका. व्हॉल्व्हच्या पडद्यावर चुना बसतो, एखादा शंख अडकतो, आणि ज्या रात्री त्याची गरज असते त्याच रात्री तो अर्धवट उघडा राहतो.

आणि मग मेन पाडा. नुसता पंपाचा प्लग काढू नका, टाकीचं सगळं एकदम बंद करा, कारण वीज तशीच जाते. आधी सम्पच्या काचेवर मार्करने चालू पातळीची रेघ मारा. मेन पाडा आणि तिथेच बसा. पहिल्या मिनिटाला पाणी भराभर चढतं, मग ओव्हरफ्लोच्या दातांवरून फक्त धार ठिबकते, आणि शेवटी नोझलमधून हवा ओढल्याचा खळखळ आवाज येतो. तो आवाज येऊन गेला तरी उठू नका, ठिबक पूर्ण थांबू दे. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाणी स्थिर झालं की दुसरी रेघ. ही रेघ सम्पच्या काठाच्या किमान 5 सेंटिमीटर खाली हवी. नसेल तर चालू पातळी कमी करा आणि पुन्हा मेन पाडा. वरच्या रेघेशी तारीख लिहून ठेवा.

आता मेन चढवा आणि वरच्या टाकीकडे बघा. फुल सायफनच्या, म्हणजे पूर्ण भरून वाहणाऱ्या मुख्य निचऱ्याच्या, पाइपातली हवा निघून जायला वेळ लागतो. तेवढ्यात वरची पातळी चढते आणि पाणी आपत्कालीन पाइपात, म्हणजे मुख्य निचरा तुंबला तर असावा म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या पाइपात, जातं. ते काठावरून बाहेर पडता कामा नये. हे लागोपाठ तीनदा करा, कारण एकदा जमलेलं दुसऱ्यांदा जमेलच असं नाही. शेवटी मुख्य निचऱ्याच्या तोंडावर हात ठेवून तो बंद करा. एकटा आपत्कालीन पाइप सगळं पाणी ओढू शकला नाही तर तो नसल्यासारखाच आहे.

वेव्हमेकर. मऊ कोरलच्या टाकीत सगळा मिळून ताशी 10 ते 20 पट प्रवाह, मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव) कोरलना त्याहून थोडा जास्त, ॲक्रोपोरासारख्या छोट्या पॉलिपवाल्यांना 40 पट आणि पुढे. पण आकड्यापेक्षा प्रवाहाची जात महत्त्वाची. एकाच बाजूने सतत येणारा झोत मांस सोलून काढतो. दोन वेव्हमेकर समोरासमोर किंवा तिरपे लावा, आळीपाळीने चालवा, म्हणजे मधे पाणी एकमेकांवर आपटून सगळीकडे फुटतं. खडक मागच्या काचेला टेकवू नका; मागे हात जाईल एवढी जागा सोडा. चिमूटभर खाद्य सोडून ते कुठे जातं ते बघा. जिथे ते गोल गोल फिरून खाली बसतं तिथेच पुढे घाण साचणार आणि सायनोबॅक्टेरियाचा लालसर थर चढणार. कोरलचे पॉलिप डुलून परत जागेवर आले पाहिजेत. सतत एकाच बाजूला दबलेले असतील तर दिशा बदला. पृष्ठभाग हलता हवा, ऑक्सिजन तिथूनच येतो. समुद्रफूल ठेवणार असाल तर वेव्हमेकरला जाळी हवीच. ते जागा बदलत फिरतं, पंपात ओढलं गेलं तर त्याच्या चिंध्या होतात आणि सगळ्या टाकीचं पाणी बिघडतं.

वेव्हमेकर लावल्यावर ओव्हरफ्लोपाशी लाट येते, पातळी बदलते. मेन पाडून बघा. हो, परत.

विजेचं काम थोडक्यात सांगतो, पण हलक्यात घेऊ नका. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबून मगच वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावर ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. बोर्ड सम्पच्या वर किंवा जमिनीवर नको, बाजूच्या भिंतीवर उंच हवा. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

दिवा. पृष्ठभागापासून 20 ते 30 सेंटिमीटर वर. खाली आणलात तर मधोमध भाजणार आणि कडा अंधारात. मऊ कोरलना साधारण 50 ते 150 पार (कोरलमधल्या शैवालांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप), ॲक्रोपोराला 200 ते 350. मोबाइलवरच्या लक्स ॲपवर विसंबू नका, ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतं आणि निळा उजेड आपल्या डोळ्याला मंदच वाटतो. म्हणूनच लोक निळा दिवा वाढवत जातात आणि आठवड्याभरात कोरल पांढरं पडतं: आतली शैवालं बाहेर टाकली गेली की तपकिरी रंग जातो आणि अन्नही जातं. पार मीटर कुणाकडून तरी उसना आणा आणि खडकावर जिथे जिथे कोरल बसणार तिथे तिथे मोजा. सुरुवात 30-40 टक्क्यांवर करा, आठवड्याला पाचेक टक्के वाढवा, दिवसाला 8 ते 10 तास. प्रकाश जोरात आणि प्रवाह मंद अशी जोडी सगळ्यात वाईट, म्हणून दिवा वाढवाल तेव्हा प्रवाहही तपासा.

दिव्यासाठीही मेन पाडून बघायचं आहे. काही दिवे वीज आल्यावर वेळ विसरतात, काही थेट पूर्ण जोरावर सुरू होतात. साधा टायमर वीज गेली तेवढा वेळ मागे पडतो. तुमचा दिवा काय करतो हे कोरल येण्याआधी कळायला हवं. वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप ठेवा, आणि तो खरंच चालू होतो का तेही याच चाचणीत बघा.

टॉप-अपची टाकी लहान ठेवा. माझी 45 लिटरची होती, म्हणून एका रात्रीत एवढं गोडं पाणी आत गेलं. आता 10 लिटरची आहे. रोज भरावी लागते, भरतो.

पुढचं भरभर. मीठ, क्षारता 35, तापमान 25 अंश. अमोनिया आणि नायट्राइट शून्य होईपर्यंत वाट बघा. तोवर दिवा बंद ठेवलात तरी चालेल. मग आधी कणखर मऊ कोरल, बाकीचे नंतर. दिव्याच्या भिंगावरचं मीठ आठवड्याला पुसा. वेव्हमेकर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवा. सायफनचं भोक महिन्यातून एकदा टूथपिकने मोकळं करा, त्यावर गुलाबी कोरलाइन शैवाल चढतं, शंख बसतात. साफ करताना नोझल हाताने हललं असेल तर मेन पाडा आणि पाणी जुन्या रेघेपाशीच थांबतं का ते बघा. वर चढलं तर नोझल वर घ्या.