एलईडी लागते पण गिटार पेडलमधून आवाज येत नाही? हे करून बघा

पहिला पेडल (गिटारचा आवाज बदलणारी डबी) घरी बनवला, स्विच दाबला की एलईडी लागते पण गिटारचा आवाज गायब. भुसावळला चुलतभावाच्या फझचं (आवाज खरखरीत करणारा पेडल) परवा हेच झालं, तो सगळे सोल्डरिंगचे डाग पुन्हा गरम करायला निघाला होता, ते लगेच करू नका, आधी प्रोब, म्हणजे आवाज कुठपर्यंत पोचतो ते तपासायची सुई, बनवा, दहा मिनिटांचं काम आहे.

१. जुनी गिटार केबल कापा, आतल्या तारेला १०४ लिहिलेला कपॅसिटर जोडा, त्याचा मोकळा पाय म्हणजे तुमची सुई. बाहेरची जाळी क्लिपने पेडलच्या ग्राउंडला.
२. केबलची पिन अॅम्पमध्ये, आवाज एकदम कमी. इनपुटला मोबाईलवरून हळू आवाजात गाणं सोडा, म्हणजे दोन्ही हात मोकळे.
३. इनपुट जॅकपासून सर्किटच्या क्रमाने सुई टेकवत जा. जिथे आवाज बंद झाला, तो पॉइंट आणि त्याच्या आधीचा, यांच्यामध्येच घोळ.

चुलतभावाच्या पेडलमधल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर (सिग्नल आत जातो तो पाय) गाणं ऐकू येत होतं, कलेक्टरवर (सिग्नल बाहेर येतो तो पाय) काहीच नाही. २एन३९०४ ट्रान्झिस्टर मिळाला नाही म्हणून बीसी५४७ टाकलेला, आणि त्याचे पाय बरोबर उलट क्रमाने असतात! फिरवून लावला, लगेच वाजला.

हे फक्त ९ व्होल्टच्या पेडलला, व्हॉल्व्ह अॅम्पच्या किंवा घरच्या लाईटवर चालणाऱ्या कशाच्याही आत ही सुई चुकूनही घालू नका.