घराचा पाया कोणत्या प्रकारचा घ्यावा: जमीन तपासून निर्णय कसा करावा

नव्या घराचा पाया थोडाफार खचतोच. सगळे घर सारखे खचले तर भिंतींना ते कळतही नाही. तडे पडतात ते एक कॉलम शेजारच्यापेक्षा जास्त खाली गेला की. ३.५ मीटर अंतरावरच्या दोन कॉलमांत साधारण १२ मिलिमीटर फरक पडला, म्हणजे अंतराच्या तीनशेव्या भागाएवढा, की विटांच्या भिंतीत तिरप्या भेगा दिसू लागतात. पायाचा प्रकार निवडायचा तो हा फरक आवाक्यात ठेवण्यासाठी. शेजाऱ्याने कोणता पाया घेतला यावरून ठरवू नका. त्याच्या घराखाली कातळ असेल आणि तुमच्या जागेत बुजवलेली जुनी विहीर.

१. आधी चाचणी खड्डे

नकाशा पक्का होण्याआधीच घराच्या जागेत दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत आणि मध्ये, असे किमान तीन खड्डे घ्या. खोली अडीच ते तीन मीटर. फुटिंगचा (कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद पायथ्याचा) दाब त्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत जाणवतो, म्हणून खड्ड्याच्या तळातून हाताच्या ऑगरने (माती पोखरणाऱ्या गिरमिटाने) आणखी दीड-दोन मीटर भोक पाडून खालचा थरही पाहावा. वरचा थर घट्ट आणि त्याखाली मऊ गाळ, हा प्रकार असाच पकडता येतो. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कडांना आधार दिल्याशिवाय कोणालाही उतरवू नका. उभी माती ढासळताना आधी इशारा देत नाही.

प्रत्येक थर किती खोलीवर सुरू होतो ते टेपने मोजून लिहा. तिन्ही खड्ड्यांत थर वेगवेगळ्या खोलीवर लागत असतील तर घर असमान खचण्याचा धोका आहे, हे तिथेच कळते. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, राख किंवा कुजका वास आला तर तो भराव आहे. भराव वीस वर्षांचा असला तरी त्यावर पाया टेकवू नये, खालच्या मूळ जमिनीपर्यंत जावे.

२. माती ओळखा

ताज्या खोदलेल्या चिकणमातीत अंगठा सहज घुसला तर ती मऊ. जोर लावून जेमतेम खळगा पडला तर घट्ट. फक्त नखाची रेघ उमटली तर फारच घट्ट. प्राथमिक अंदाजासाठी अगदी मऊ चिकणमातीची सुरक्षित धारणक्षमता, म्हणजे जमीन धोक्याविना पेलू शकेल ते वजन, चौरस मीटरला ५ टन, मऊ चिकणमातीची १० टन आणि घट्ट बसलेल्या जाड्या वाळूची ४० टनांच्या पुढे धरतात. ड्रॉइंगमध्ये जाणारा आकडा मात्र प्रयोगशाळेच्या अहवालातलाच हवा.

फुगणारी काळी चिकणमाती अंगठ्याला फसवते. कोरडी असताना ती इतकी कडक असते की कुदळ उसळते, आणि पाणी लागले की तीच फुगून फुटिंग वर उचलते. तिची परीक्षा सोपी आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली माती १० ग्रॅम, अशी दोन मोजनळ्यांत घ्या. एकीत १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी, दुसरीत रॉकेल. नीट ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे थर १० मिलिलिटर आणि पाण्यात १५ भरला, तर फुगवटा ५० टक्के. २० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही, ३५ च्या पुढे माती जास्त फुगणारी समजावी आणि ५० च्या पुढे उथळ सुट्या फुटिंगचा विचार सोडावा.

३. पाण्याची पातळी

वर्षातली सर्वांत वर येणारी पातळी धरा, खोदाईच्या दिवशी दिसलेली नव्हे. वाळूत पाणी फुटिंगच्या तळापर्यंत चढले तर धारणक्षमता जवळपास निम्म्यावर येते. तळघर असेल तर वर ढकलणाऱ्या पाण्याचाही हिशेब लागतो.

४. वजन आणि क्षेत्रफळ

इथे निर्णयाची खरी गोम आहे. दोन मजली आरसीसी घरात ३.५ मीटर अंतरावर कॉलम असतील तर आतल्या कॉलमवर साधारण ३० टन येतात. फुटिंगच्या वजनापोटी १० टक्के वाढवा: ३३ टन. त्याला धारणक्षमतेने भागा.

धारणक्षमता १५ टन असेल तर २.२ चौरस मीटर लागतील, म्हणजे १.५ × १.५ मीटरचे फुटिंग. १० टन असेल तर सुमारे १.८५ मीटर बाजूचे. ५ टन असेल तर थेट २.६ मीटर बाजूचे, आणि आता फुटिंग त्या कॉलमच्या वाट्याच्या १२.२५ चौरस मीटरपैकी निम्म्याहून अधिक जागा व्यापते. असे झाले की सुटी फुटिंगे करण्यात अर्थ उरत नाही. खोदाई जवळपास पूर्ण घराएवढी होते आणि फुटिंगे तळाशी एकमेकांशी जोडलेली नसतात ते वेगळेच. इथून पुढे राफ्टचा, म्हणजे सगळ्या घराखालच्या एकसंध काँक्रीटच्या स्लॅबचा, विचार करायचा.

५. प्रकार ठरवा

एक-दोन मजल्यांच्या लोड बेअरिंग (घराचे वजन स्वतः पेलणाऱ्या) भिंती आणि एकसारखी घट्ट जमीन असेल तर भिंतीखालचा सलग पट्टी पाया पुरतो.

कॉलमचे घर आणि १० टनांच्या पुढची धारणक्षमता असेल तर सुटी फुटिंगे, वर प्लिंथ बीमने (जोत्याच्या पातळीवरच्या तुळईने) बांधलेली. हद्दीला लागून कॉलम असेल तर फुटिंग एकाच बाजूला वाढते आणि वजन मध्यावर येत नाही. तसेच ठेवले तर ते कलते. ते आतल्या कॉलमबरोबर जोडफुटिंगमध्ये घ्या किंवा स्ट्रॅप बीमने (दोन फुटिंगे जोडणाऱ्या तुळईने) त्याच्याशी बांधा.

जमीन मऊ किंवा जागोजागी वेगळी असेल तर राफ्ट. तो मधले छोटे मऊ भाग पेलून नेतो, पण अर्धा राफ्ट भरावावर आणि अर्धा कातळावर असेल तर तोही वाकतो. उतारावर अर्धी जागा कापून अर्धी भरून सपाट केली की नेमके हेच घडते.

चांगला थर खूप खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब. फुगणाऱ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल: खाली दांड्याच्या अडीच पट व्यासाचा फुगीर गोळा, आणि लांबी किमान ३.५ मीटर, म्हणजे टोक ऋतूनुसार ओला-सुका होणाऱ्या थराच्या खाली जाते. वरचा बीम जमिनीपासून निदान ८० मिलिमीटर मोकळा ठेवा. ही फट भरून टाकणे हा ठरलेला घोटाळा आहे. माती फुगली की बीम उचलला जातो आणि पाइलचा सगळा खर्च वाया.

एकाच घराखाली दोन प्रकारचे पाये घालू नका. पोर्च किंवा जिना वेगळ्या पायावर घ्यावाच लागला तर मध्ये सांधा, म्हणजे दोन्ही भाग वेगवेगळे हलू देणारी फट, सोडा.

६. खोदाईच्या वेळी

शेवटचे १५ सेंटिमीटर पीसीसीच्या (तळावरच्या सळयांविना साध्या काँक्रीटच्या थराच्या) दिवशीच खणा. उघड्या तळावर पाणी साचले की चिकणमाती मऊ पडते. असा लगदा काढून टाकावा लागतो. जास्त खणले गेले तर खड्डा मातीने नव्हे, हलक्या काँक्रीटने भरून काढा. पीसीसी ७५ ते १०० मिलिमीटर, त्यावर सळयांना ५० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचे काँक्रीटचे आवरण). पीसीसी न करता थेट मातीवर काँक्रीट होणार असेल तर ७५.

फुटिंगभोवतीची भरणी १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून करा. एकदम ढकललेली माती पुढे फरशीसकट खाली बसते. चिकणमातीत मोठे झाड घरापासून निदान त्याच्या पूर्ण उंचीइतके दूर हवे. मुळे मातीतले पाणी ओढतात, माती आक्रसते आणि त्या कोपऱ्याचा पाया खाली जातो.

प्रत्यक्ष खोदाईत एखाद्या खड्ड्यात चाचणीपेक्षा वेगळी माती लागली तर तिथे सळया बांधू नका. स्ट्रक्चरल इंजिनीअरला तो तळ दाखवा आणि त्या फुटिंगचे माप नव्याने काढून घ्या.