‘डिस्पेअर’ हा इंग्रजी शब्द नेमका कसा वापरावा

मराठीत आपण ‘निराशा’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. क्रिकेटचा सामना पावसामुळे रद्द झाला तरी निराशा होते आणि बेपत्ता मुलाचा शोध थांबवावा लागला तरी निराशाच होते. इंग्रजीत मात्र या दोन प्रसंगांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्या प्रसंगी ‘डिस्पेअर’ लिहिले, तर लिहिणाऱ्यावर आभाळ कोसळले आहे अशी वाचणाऱ्याची समजूत होते.

सुरुवात शब्दाच्या फोडीपासून करावी. लॅटिनमध्ये ‘स्पेरारे’ म्हणजे आशा करणे. त्याला ‘दे’ हा उपसर्ग लागून आशा सोडून देणे या अर्थाचे ‘देस्पेरारे’ झाले आणि जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत पोचले. आपल्या ‘निर्’ आणि ‘आशा’ यांची जुळणी जवळजवळ अशीच आहे, आणि माझ्या मते फसगत इथेच होते, कारण घडण सारखी असली तरी दोन शब्दांचे वजन सारखे नाही. वजनाने ‘हताशा’ अधिक जवळची, कारण तिच्यात आशा मारली गेलेली असते. ख्रिस्ती धर्मविचाराने ‘डिस्पेअर’ला पाप मानले, कारण देवाच्या क्षमेचीही आशा सोडणे असा त्याचा अर्थ होतो, एवढे लक्षात ठेवले, तर हा शब्द किरकोळ कारणासाठी सहसा लिहिला जात नाही. फोड समजली की स्पेलिंगही चुकत नाही: उच्चार ‘डि’ असला तरी अक्षरे डी, ई, एस अशीच येतात. बोलताना जोर ‘पेअर’वर द्यावा.

मग वाक्य लिहिण्यापूर्वी एकच गोष्ट तपासावी: आशेचा धागा शिल्लक आहे की तुटला आहे? अपेक्षा पूर्ण झाली नाही, पण पुढच्या वेळी होऊ शकेल, असे असेल तर ‘डिसअपॉइंटमेंट’ लिहावे. पुन्हा पुन्हा अडथळे येऊन जीव मेटाकुटीला आला असेल, तर ‘फ्रस्ट्रेशन’. वृत्तपत्रांतले ‘नैराश्य’ बहुधा ‘डिप्रेशन’ या आजाराबद्दल असते, म्हणून तिथे ‘डिस्पेअर’ योजू नये. ती भावना आहे, वैद्यकीय निदान नव्हे. ‘होपलेसनेस’ सर्वांत जवळचा, तरीही थोडा वेगळा. तो माणसाच्या मनाबद्दल वापरता येतो, तसाच परिस्थितीबद्दलही. मानसशास्त्रातही तोच रूढ आहे: मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेली वीस विधानांची मापनश्रेणी ‘होपलेसनेस’ मोजते. ‘डिस्पेअर’ मात्र अनुभवणाऱ्या माणसाचीच असते.

शब्द निश्चित झाला की व्याकरणाकडे वळावे. नाम म्हणून तो सहसा अगणनीय असतो, त्यामुळे ‘अ डिस्पेअर’ किंवा ‘डिस्पेअर्स’ टाळावे. ‘शी वॉज इन डिस्पेअर’ म्हणजे ती पूर्ण हताश झाली होती. ‘द डेट ड्रोव्ह हिम टू डिस्पेअर’ म्हणजे कर्जाने त्याला हताशेच्या टोकाला नेले. क्रियापद म्हणून वापरताना मराठी माणसाची हमखास चूक होते. आपण ‘आशा सोडली’ म्हणतो आणि म्हणून ‘आय डिस्पेअर्ड द जॉब’ असे थेट कर्म जोडतो. या क्रियापदाला ‘ऑफ’ लागतो आणि त्यापुढे नाम किंवा ‘-इंग’ रूप येते: ‘ही डिस्पेअर्ड ऑफ फाइंडिंग अ जॉब’. एखाद्या दुरवस्थेकडे पाहून मन खचत असेल, तर ‘ॲट’ही चालतो.

‘डेस्परेट’ त्याच लॅटिन मुळातून आलेला असला, तरी त्याला ‘डिस्पेअर’चे विशेषण समजू नये. आशा जवळजवळ संपली असूनही जिवाच्या आकांताने धडपडणारा माणूस ‘डेस्परेट’ असतो. टंचाईत टँकरमागे हंडा घेऊन धावणारी बाई ‘डेस्परेट फॉर वॉटर’ आहे. तिने धावणे थांबवले, हंडा खाली ठेवला आणि ती तिथेच बसून राहिली, तर ते ‘डिस्पेअर’. विशेषण हवेच असेल, तर ‘डिस्पेअरिंग’ घ्यावे, जसे ‘अ डिस्पेअरिंग लुक’.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणताना, दरवेळी ‘निराशा’ लिहिण्याऐवजी प्रसंग पाहावा. ‘डॉक्टर्स डिस्पेअर्ड ऑफ हिज लाइफ’ याला ‘तो वाचेल ही आशा डॉक्टरांनी सोडली’ असे म्हणावे. आणि ‘हिज टीचर्स डिस्पेअर्ड ऑफ हिम’ असेल, तर ‘शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले’.