पॅटिनाच्या बुटांना काळं पॉलिश लावू नका

लग्नात सगळ्यांच्या पायात काळे-तपकिरी बूट असताना एखाद्याचा गर्द निळा, टोकाकडे जवळजवळ काळा होत गेलेला ऑक्सफर्ड (लेसचा फॉर्मल बूट) उठून दिसतो. ही बंडखोरी हातानं केलेली असते. न रंगवलेल्या ‘क्रस्ट’ लेदरचा बूट शिवून झाल्यावर कारागीर ब्रशनं आणि फडक्यानं रंगाचे पातळ थर एकावर एक चढवतो. यालाच पॅटिना म्हणतात, आणि म्हणूनच दोन जोड तंतोतंत सारखे निघत नाहीत.

माझ्या अशाच वाइन रंगाच्या बुटांना मी एकदा घाईत नाक्यावर पॉलिश करून घेतलं. काळं पॉलिश शिवणीत आणि नक्षीच्या भोकांत जाऊन बसलं, टोकावरची सुंदर छटा बुजली. अजून हळहळ वाटते.

तेव्हापासून रंगहीन क्रीमच वापरतो. आधी बुटाच्या जिभेवर, लेसखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, पांढऱ्या सुती फडक्यानं थेंबभर लावून बघा. फडक्याला रंग लागला तर ते क्रीम बाजूला ठेवा, त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव्य, रंगाचा थर उचलतंय. लागला नाही तर मटाराएवढं क्रीम एका बुटाला पुरतं. दहा मिनिटांनी घोड्याच्या केसांचा ब्रश फिरवा.

पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली चामडं तडकतं. नंतर कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.