इंग्लिशमधे ‘च्च च्च’ लिहायचं तर कसं?

म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात इसवणाचा (म्हणजे सुरमईचा) भाव ऐकून मावशा जीभ दातामागे लावून जो आवाज काढतात ना, तो इंग्लिश गोष्टीत लिहायची वेळ आली की भलेभले अडकतात. बरेच जण आपला च्च तसाच्या तसा रोमन अक्षरांत उतरवतात आणि बाहेरच्या वाचकाला ते काय आहे याचा पत्ताच लागत नाही. इंग्लिशमधे त्याला टी, एस, के अशी तीन अक्षरं आहेत, मधे एकही स्वर नाही.

आधी उच्चार. मोठ्याने वाचताना टिस्क म्हटलं तरी चालतं, डिक्शनरीत आहे, पण खरा आवाज आपलाच, म्हणजे जिभेचं टोक वरच्या दातांमागे चिकटवायचं, हवा आत ओढायची आणि जीभ झटकन सोडायची. इंग्लिशमधे हा नुसता उद्गार, पण झुलू आणि खोसा भाषांत हाच आवाज चक्क व्यंजन म्हणून शब्दांत येतो आणि तिथे तो सी या अक्षराने लिहितात.

मग अर्थ बघून घ्या, घोळ इथेच होतो. आपण च्च कशालाही करतो, कीव आली की, काही हुकलं की, आणि नुसतं नाही म्हणायला सुद्धा (“जेवलीस गो?” “च्च.”). इंग्लिश लिखाणात टिस्क दिसलं की वाचक आधी नापसंतीच धरतो, नाहीतर लटका राग. म्हणजे कुणाचे वडील गेले आणि तुम्ही मेसेजमधे टिस्क टिस्क लिहिलंत तर तुम्ही त्यालाच दटावताय असं वाटेल, तिथे सरळ सॉरी लिहा बाबा. आणि पात्र नाही म्हणत असेल तर मान हलवली म्हणा, झालं.

आता प्रत्यक्ष लिहिणं. संवादात असेल तर पुढे कॉमा द्या: “टिस्क, यू आर लेट अगेन.” दोनदा लिहायचं तर मधे कॉमा किंवा हायफन, काहीही चालेल, फक्त एका गोष्टीत एकच पद्धत ठेवा. तिन्ही अक्षरं कॅपिटल नकोत, एखाद्या क्रेडिट सोसायटीचं नाव वाटतं.

मला विचाराल तर उद्गारापेक्षा क्रियापद जास्त कामाचं. मागे ई-डी किंवा आय-एन-जी लावायचं, आणि कशाला उद्देशून असेल तर पुढे ॲट. “शी टिस्क्ड ॲट द प्राइस” एवढं पुरे, त्यापुढे डिसअप्रूव्हिंगली चिकटवायचा मोह आवरा, ते काम त्या शब्दाने आधीच केलंय. त्याहून चांगलं म्हणजे दोन हालचालींच्या मधे बसवा: “शी लिफ्टेड द गिल, टिस्क्ड, अँड पुट द मॅकरेल बॅक.” बांगड्याचा कल्ला उचलून बघितला, तोंडाने आवाज केला, बांगडा परत टोपलीत, बाई काय म्हणाली ते सांगायची गरजच नाही. आणि एका प्रसंगात एकदाच हां, पानभर टिस्क टिस्क झालं की वाचकच कंटाळतो.

पात्रं ब्रिटिश असतील तर त्याच आवाजाचा टट (टी, यू, टी) बरा. तो बराच जुना, शेक्सपियरच्या नाटकांत माणसं टट म्हणतात, तिथे तो आपल्या “हॅट, सोड रे” च्या जवळ जातो. इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या गोंयकार घराची गोष्ट लिहीत असाल तर शेजारीण टट करेल, आजीचं काय ते तुम्ही ठरवा. स्पेलिंग मात्र सांभाळा, टटला ई-डी लावताना शेवटचा टी डबल होतो, टिस्कचा के होत नाही.

बाकी स्क्रॅबल खेळणाऱ्यांसाठी, दोन टिस्क जोडून मागे एस लावला की सात अक्षरांचा बिनस्वराचा शब्द होतो आणि तो चालतो, सातही टाइल्स एकदम लावल्याचे 50 पॉइंट वर. फक्त इंग्लिश सेटमधे के एकच असतो, दुसऱ्यासाठी कोरी टाइल राखून ठेवा.