झाडाला टांगायचा तंबू: आधी झाडं बघा, मग पैसे घाला

कन्नड तालुक्यात मामाची जुनी आमराई आहे, तिथं मागच्या दोन हिवाळ्यांत मिळून पाच रात्री आम्ही टांगलेल्या तंबूत काढल्या, आणि तेव्हापासून जो तो विचारतो की घ्यावा का, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

प्रकार साधा आहे. तीन झाडं, त्यांच्यामध्ये पट्ट्यांनी त्रिकोणात ताणलेला कापडी तळ, वर जाळी आणि त्यावर पावसाचं कापड. ब्रिटनच्या टेन्टसाइल कंपनीनं हे जगभर पोचवलं, पण आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, ज्वारीच्या रानात पाखरं राखायला माळा घालतोच की आपण, फक्त हा माळा घडी होऊन पिशवीत जातो.

फायदा सगळ्यात मोठा कुठला म्हणाल तर जमीन सुटते. आपली काळी माती, तिला भेगा, वर ढेकळं, आणि जिथं माती नाही तिथं मुरूम, खुंटी ठोकायला गेलं की वाकतेच. त्यात विंचू आणि मण्यार. मण्यार रात्रीच हिंडते आणि खाली झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, चावलं तरी लई दुखत नाही म्हणून माणूस झोपून राहतो आणि सकाळपर्यंत फार उशीर झालेला असतो. वर टांगलं की हा धोका पुष्कळ कमी होतो, संपत मात्र नाही, साप झाडावर पण चढतात, म्हणून जाळीची चेन कायम बंद आणि बूट आत.

आता तोटे. पहिला तोटा म्हणजे झाडंच. मराठवाड्यात जंगल किती आणि कुठं हे तुम्हाला माहितीच आहे, त्यात तीन धडधाकट झाडं नेमकी त्रिकोणात मिळणं अवघड, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आधी स्वतःच्या किंवा पाहुण्यांच्या रानात जागा ठरवा, दोरीनं मोजा आणि मगच तंबू मागवा, नाहीतर एवढे पैसे घालून तो माळ्यावर पडून राहतो. आमराईत जुनी लागवड १० मीटर अंतरावर असते आणि खोडं जाड, पट्ट्याची अर्धी लांबी खोडाला वेढा घालण्यातच जाते, आम्हाला जादा पट्टे घ्यावे लागले. गौताळ्यात टांगू असं कुणी म्हणत असेल तर ते अभयारण्य आहे, १९८६ पासून, वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथं रात्र काढायची नाही, बिबट्या पण आहे.

दुसरा तोटा वजन. तिघांचा तंबू आठ-नऊ किलो भरतो, पाठीवर घेऊन अंतूरचा किल्ला चढायची ही वस्तू नाही. गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच हा तंबू.

तिसरा तोटा कुणी आधी सांगत नाही, तो थंडीचा. डिसेंबरात पहिल्या रात्री चांगली स्लीपिंग बॅग असून पाठ गारठली, कारण अंगाखाली बॅग दबते, तिच्यातली हवा जाते आणि तळाखालून वारं मोकळं वाहत राहतं. दुसऱ्या दिवशी मामीनं वाकळ दिली, ती खाली अंथरली आणि मग झोप लागली. फोमची चटई पण चालते, पण पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं हे लक्षात ठेवा.

बांधायचं कसं ते आता. झाड जिवंत हवं, खोड निदान २५ सेंटिमीटर जाड, ठोकून बघा, पोकळ वाजलं तर सोडून द्या. आंबा, चिंच, कडुनिंब चांगले. शेवगा आणि पांगरा नको, लाकूड ठिसूळ. वडाच्या पारंब्यांना बांधू नका. मान वर करून वाळकी फांदी आहे का बघा आणि आग्या मोहोळ तर नक्की बघा, मोहोळ असेल त्या झाडाखाली चूल, शेकोटी, धूर काहीच नको, जागाच बदला.

पट्टे ट्रकवर माल आवळायला वापरतात तसले रॅचेटचे, म्हणजे खटक्याचा दांडा मागंपुढं करून आवळायचे असतात, रुंद घ्या, आणि खोडाला आधी गोणपाट गुंडाळा म्हणजे साल सोलत नाही. तिन्ही पट्टे एका उंचीवर, तंबू कमरेइतका वर, त्याहून उंच टांगायची हौस करू नका, रात्री लघवीला उतरताना अंधारात पाय चुकतो. आणि लई ताणू पण नका. दोघं सामानासकट १५० किलो धरा, पट्टे आडव्या रेषेपासून फक्त १० अंश कललेले असतील तर एकेका पट्ट्यावर साधारण २९० किलोची ओढ येते, तोच कोन २० अंश झाला की दीडशेच्या आसपास उतरते. म्हणून पट्टा खोडावर जरा वर बांधा, तळाला थोडा झोल येऊ द्या. एकजण आधी बसून बघा, झोल वाढला तर सगळे उतरून मगच परत आवळा.

एकानं कूस बदलली की सगळे हलतात, गुडघे दुखणाऱ्यांना चढ-उतार जड जाते, आईला आणाल तर तिला बाजेवरच झोपू द्या.

हंगाम नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. फेब्रुवारीनंतर गारपिटीचा भरवसा नाही, २०१४ ची गारपीट आठवते ना. वळवाच्या आणि परतीच्या पावसात तर टांगूच नका, आपल्याकडं विजेनं दरवर्षी माणसं-जनावरं दगावतात आणि तुम्ही तर तीन झाडांना बांधलेले असता. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलात ठेवा, गडगडलं की अर्ध्या रात्री सुद्धा उतरून पक्क्या घरात जायचं, तंबू राहू द्या तसाच.

सकाळी दव पडलेलं असतं, कापड उन्हात कडक वाळवल्याशिवाय घडी घालू नका, बुरशी धरते. रॅचेट सोडताना आत कुणी नको आणि बोटं सांभाळा, ताण एकदम सुटतो.