परदेशी विद्यार्थ्यांशी इंग्रजी बोलताय? या चुका टाळा

येमेन, सुदान, इराण, अफगाणिस्तानातून पुण्यात शिकायला येणारी मुलं काही नवी नाहीत. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांनी १९७१ साली सिंबायोसिस सुरू केली, ती परदेशी विद्यार्थ्यांचे हाल बघूनच. यातल्या अनेकांची शाळा अरबीत किंवा फारसीत झालेली, आणि इथली लेक्चर्स इंग्रजीत. मग ओळखीतलं कुणीतरी विचारतं, 'याच्याशी तासभर इंग्रजी बोलाल का?' आपण हौसेने हो म्हणतो आणि तासभर आपणच बोलत राहतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. प्रश्न विचारला, समोरून लगेच उत्तर आलं नाही, की आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आपला विद्यार्थी तर परक्या भाषेत वाक्य जुळवतोय. त्याला याहून जास्त वेळ द्या. मनात आकडे मोजा, पण तोंड उघडू नका.

दुसरी चूक, प्रत्येक शब्दाला टोकणं. अरबीत वर्तमानकाळात 'इज' लागतच नाही, म्हणून 'ही इज अ टीचर'ऐवजी नुसतं 'ही टीचर' असं येतं. फारसीत 'ही' आणि 'शी'ला एकच सर्वनाम, म्हणून बहिणीचा 'ही' होतो. फारसी शब्दाची सुरुवात जोडाक्षराने होत नाही, म्हणून 'स्टुडंट'चा 'एस्टुडंट'. हा निष्काळजीपणा नव्हे, मातृभाषेची सवय आहे. चुका वहीत टिपा आणि शेवटी दोनच सांगा, ज्यांनी अर्थ बिघडला त्या.

उदाहरणार्थ, अरबीत 'प' नाही. 'पार्किंग'चं 'बार्किंग' होतं, आणि हे सुधारायलाच हवं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला सांगा: 'प'ला ती हलली पाहिजे, 'ब'ला नाही. इथे आपणच अडतो, कारण मराठी 'प' म्हणताना हवेचा झोत सुटत नाही. अरबी कानाला तो 'ब'सारखाच वाटू शकतो. म्हणून दाखवताना श्वास जोरात सोडून म्हणा.

'समजलं ना?' हा प्रश्न टाकूनच द्या. उत्तर कायम 'येस' येतं. त्याऐवजी 'मग उद्या तू नेमकं काय करणार?' असं विचारा. लाख-कोटी, 'प्रीपोन' हे आपल्या इंग्रजीतले शब्दही सांभाळून वापरा, त्याला ते कळतीलच असं नाही.

येमेनी किंवा सुदानी मुलाला पहिल्याच भेटीत युद्धाबद्दल विचारू नका. घरचे लोक तिथेच असतात. 'मंदी' हा मांस-भाताचा पदार्थ कसा शिजवतात ते विचारा, फोनमधले फोटो दाखवायला सांगा. घरची काळजी त्याने आपणहून बोलून दाखवली, तर त्या वेळी वही मिटलेली असू द्या. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला तास ठेवू नका.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल, तर त्यातली बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मधल्या भागात एक मिनिट तयारी आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं असतं. रोज एक विषय द्या, घड्याळ लावा आणि वेळ संपेपर्यंत मान डोलावण्यापलीकडे काही करू नका.